टोकाटा अंकलला शेवट येत होता

शारजात मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मराठी उपासनेला, जाणाऱ्या कुणालाही टोकाटा अंकलबद्दल विचारा. आधी तो हसेल, मग म्हणेल, ते ऑर्गन वाजवायचे ते ना, ज्यांना शेवट येत नव्हता. एकच फ्रेंच चीज वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी वाजवली, आणि कायमचं गावी जायच्या आधी एकदाच पूर्ण वाजवायला बसले तर मध्येच अडकले. ही गोष्ट मी नाताळच्या जेवणांत ऐकली, बाप्तिस्म्याच्या पार्ट्यांत ऐकली, एकदा दात काढायला गेलो असताना शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाकडून ऐकली. दर वेळी मी मान डोलावली. दाताच्या वेळी तोंडात कापूस होता खरा, पण नसता तरी डोलावलीच असती.

त्याला शेवट येत होता. हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं, आणि ते मीच लिहायला हवं, कारण तो शेवट का वाजला नाही ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही दोघंही वसईचे, पण शेजारशेजारच्या गावांचे, म्हणजे एकमेकांना नावं ठेवण्याइतके जवळचे. तो सेमिनरीत फादर व्हायला गेला आणि बाजा वाजवायला शिकून परत आला, असं त्याचे वडील सांगायचे. त्यात कौतुक नव्हतं. सेमिनरीत एक जुनी पायपेटी होती आणि एका परदेशी फादरांकडे रेकॉर्ड प्लेयर. त्या रेकॉर्डवर त्याने तो टोकाटा पहिल्यांदा ऐकला. एका फ्रेंच संगीतकाराने चर्चच्या मोठ्या ऑर्गनसाठी, एकट्या वादकासाठी लिहिलेली ही चीज. साथीला गायक नाही, कुणी नाही. उजवा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावत असतो, डावा हात तोडून तोडून ठोके देतो, आणि मग खालून, पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांवर, खरा सूर येतो. संथ, जाडजूड, जमिनीतून आल्यासारखा.

त्या पायांच्या सुराने त्याचं वाटोळं केलं असं त्याची बायको म्हणायची.

कारण पट्ट्यांचा सराव करायला घरी ऑर्गन लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता. म्हणून तो जिथे बसेल तिथे पायांनी वाजवायचा. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, व्हिसा मेडिकलच्या रांगेत. दुबईत रास अल खोरला जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका पेशावरी सेठकडे तो हिशेबनीस होता. टेबलाखाली त्याचे पाय सारखे हलताना पाहून सेठने काही महिने मनातच ठेवलं आणि शेवटी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "भाई, बाथरूम जाना हो तो जाओ. मुझसे पूछने की ज़रूरत नहीं."

पुढे त्याने टेबलाखालच्या फरशीवर खडूने पट्ट्या आखल्या. सफाईवाला त्या पुसायचा, हा पुन्हा आखायचा. एकदा सेठचं पेन खाली पडलं, तो वाकला आणि त्या रेघा पाहून सरळ दोन पावलं मागे गेला. त्याला वाटलं, हा दुकानावर काहीतरी करणी करतोय. आमच्या माणसाने शांतपणे सांगितलं की सेठ, इबादत है, पाँव की. सेठने बराच वेळ विचार केला. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाखाली पोछा मारायला बंदी झाली. गिअरबॉक्स घ्यायला आलेली गिऱ्हाइकं भाव ऐकताना खालून टकटक ऐकायची आणि घासाघीस करताना जराशी बिचकायची. सेठच्या मते त्यामुळे धंदा वाढला.

बूट हा आणखी एक विषय. पट्ट्यांसाठी पातळ तळव्याचे, थोड्या टाचेचे बूट लागतात. ते त्याला अखेर एका नाचाचे कपडे विकणाऱ्या दुकानात मिळाले, काळे, चमकदार. ते तो प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरायचा आणि ऑर्गनपाशी बसल्याशिवाय घालायचा नाही. म्हणायचा, "हात काय, हात जेवायलाही लागतात. पाय मी फक्त याच्यासाठी ठेवलेत." मग चालतोस कशाने, असं मी विचारलं की म्हणायचा, तो ओव्हरटाइम.

त्या फ्रेंच संगीतकाराला तो 'आपला म्हातारा' म्हणायचा, जणू आमच्याच आळीत राहून गेलेला. त्याच्याबद्दलची त्याची आवडती गोष्ट अशी, की पॅरिसच्या एका मोठ्या चर्चमध्ये म्हाताऱ्याला टेम्पररी म्हणून ऑर्गनवर बसवलं होतं. पर्मनंट कुणी केलं नाही आणि ऊठ असंही कुणी म्हटलं नाही. साठेक वर्षं बसला. "आपल्यासारखाच रे," तो म्हणायचा, "दोन वर्षांसाठी आलोय म्हणायचं आणि रिन्यू करत राहायचं." दुसरी गोष्ट अशी, की लोक ही चीज फार घाईने वाजवतात असं म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं होतं. म्हणून हा ती संथ वाजवायचा. घाईवाले जी पाच मिनिटांत उरकतात तिला याला सात मिनिटं लागायची.

या जादा दोन मिनिटांवरून आमचं आयुष्यभर भांडण झालं. कारण मराठी गायनवृंद मी सांभाळायचो आणि चर्च वेळेत रिकामं करून देण्याची जबाबदारी माझ्यावर होती.

इकडची चर्चं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना हे सांगायला हवं. एकच इमारत, आणि तिच्यात सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक मिस्सा. तमिळ, मग इंग्लिश, मग मल्याळी, मग फिलिपिनोंची टागालोग, मग अरबी. आमची मराठी महिन्यातून एकदा, मल्याळी आणि फिलिपिनो मंडळींच्या मध्ये चेपून बसवलेली. दोन मिस्सांमध्ये दहा मिनिटं. तेवढ्यात एका भाषेने बाहेर पडायचं आणि दुसरीने आत यायचं. बाहेर ऊन, पार्किंगमध्ये हॉर्न, काचेच्या दारापाशी पुढची माणसं तान्ही पोरं घेऊन उभी.

आता हा टोकाटा मुळात लोकांनी बाहेर पडताना ऐकायचा. मिस्सा संपते, लोक उठतात, एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत चालू लागतात आणि त्यांच्या डोक्यावरून तो गर्जत राहतो. शेवटचा माणूस दाराबाहेर जाईतो तो संपतो. म्हणजे दहा मिनिटांत सगळं आरामात बसलं असतं. दोन मिनिटं संथ वाजवूनही बसलं असतं.

पण आमचे लोक उठायचेच नाहीत.

फादर म्हणायचे, शांतीने जा. लोक म्हणायचे, देवाला धन्यवाद. समारोपाचं गीत व्हायचं, मग ऑर्गन सुरू व्हायचा आणि सगळे खाली बसायचे. हात जोडून, डोळे मिटून. काही बाया गुडघे टेकायच्या. जितका तो मोठ्याने वाजवेल तितके ते घट्ट बसायचे. बाहेर फिलिपिनो मंडळी काचेला नाक लावून उभी, आत आम्ही समाधीत.

मग माझ्यासमोर एकच मार्ग उरायचा. दोन मिनिटं झाली की मी वरच्या गॅलरीत, जिथे ऑर्गन आणि गायनवृंद असतो, त्याच्या बाजूला जाऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, खलास. तो मानेनेच नाही म्हणायचा. मी पुन्हा म्हणायचो. मग तो जिथे असेल तिथे एक गोळाबेरीज सूर धरून थांबायचा. आवाज थांबला की लोक डोळे उघडून उठायचे आणि शांतपणे बाहेर जायचे.

"हे लोक उठत का नाहीत?" तो मला दर महिन्याला विचारायचा.

"गावचे संस्कार," मी सांगायचो.

त्यावर त्याने काढलेला तोडगा त्यालाच सुचू शकतो. ज्या पानावर त्याला थांबवलं असेल तिथून तो पुढच्या महिन्यात सुरू करायचा. म्हणजे ईस्टरला पहिला भाग, पुढच्या महिन्यात दुसरा, असं करत करत. त्यात नाताळच्या आधी आणि उपवासकाळात ऑर्गन एकटा वाजवायचा नसतो, फक्त गाण्याला साथ करायची असते, त्यामुळे मालिका तेवढे दिवस बंद. लोकांनाही सवय झाली. पार्किंगमध्ये एक मावशी दुसरीला विचारताना मी स्वतः ऐकलंय, मागच्या वेळी कुठवर आलं होतं गं. दुसरीने सांगितलं, ते खालून घों करून येतं ना, तिथवर. शेवटच्या पानाचा महिना नेमका त्याच्या सुट्टीत, नाहीतर माझ्या 'खलास'मध्ये जायचा. शेवट कुणी ऐकलाच नाही. 'याला शेवट येत नाही' ही कुजबुज तिथूनच सुरू झाली.

मी मात्र शेवट पाहिला होता. हो, पाहिला. सरावाला आम्ही लवकर जायचो तेव्हा खाली इतर भाषांची काहीतरी प्रार्थना चालू असायची, म्हणून तो कानाला हेडफोन लावून वाजवायचा, इथला ऑर्गन विजेवर चालणारा. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एक बोट न चुकता. बाहेर ऐकू यायची ती फक्त बोटांखालची टिकटिक आणि पट्ट्यांचा धप धप. मी म्हणायचो, झाला की पूर्ण, आता काय राहिलं. तो हेडफोन काढून माझ्याकडे असा बघायचा, जणू मी पंगतीत बसून मेन्यू कार्ड चाटलंय.

"मला एकट्याला ऐकायला नाही रे," तो म्हणायचा. "लोक चालले पाहिजेत. त्यांच्या पायांना माझे पाय."

लोकांना उठवायला त्याने काय काय केलं. वृंदातल्या दोघा तरुणांना फितवलं, की ऑर्गन सुरू झाला की तुम्ही खाली जाऊन मधल्या वाटेने चालायला लागा, बाकीचे मागून येतील. ते चालले. तिसऱ्या बाकापाशी एका मावशीने एकाचा शर्ट धरला आणि म्हणाली, "बस रे, वाजतंय ना अजून." तो बसला. दुसरा त्याच्यासाठी बसला. मी त्याला म्हटलं, तू स्वतःच माईकवरून सांग ना, जा म्हणून. ते त्याला पटायचं नाही. म्हणायचा, लोकांना जा म्हणणं हे ऑर्गनचं काम आहे. ऑर्गनने सांगून जात नसतील तर माझ्या वाजवण्यात खोट आहे. आणि मग पुढचा महिनाभर रास अल खोरच्या त्या टेबलाखाली टकटक वाढायची.

त्याच्या वाजवण्यात खोट नव्हती. खोट माझ्यात होती. ती आता सांगतो.

हे सगळं सुरू होण्याच्या आधी, तो महिनाभर गावी गेला होता तेव्हाची गोष्ट. समारोपाच्या एका गीताला मी स्वतः चाल लावली होती. चाल बरी होती असं मला अजून वाटतं. पण दुसरं कडवं सुरू झालं की लोक पार्किंगसाठी पळायचे आणि तिसरं कडवं मी रिकाम्या बाकांना ऐकवायचो. त्या महिन्यात जुने फादर बदलून गेले होते, नवे यायचे होते, मिस्सेला दुसरीकडचे फादर आले होते. मिस्सा संपायच्या आधी मी माईकपाशी गेलो आणि म्हणालो, एक सूचना आहे. मिस्सेनंतरचं संगीत पूर्ण थांबेपर्यंत कृपया कुणीही जागा सोडू नये.

सूचना कुणाची, ते मी सांगितलं नाही. या देशात ते सांगावं लागत नाही. इथे सूचना आली की आपली माणसं पाळतात, का ते विचारत नाहीत, आणि नव्याने आलेल्यांना जुने शिकवतात. त्या दिवशी माझी तिन्ही कडवी भरल्या चर्चमध्ये झाली. घरी येताना गाडीत बायको एवढंच म्हणाली, "सूचना छान होती हं तुमची."

पुढच्या महिन्यात तो गावाहून परत आला. येताना दुबईच्या एका हॉटेलात पियानो वाजवणाऱ्या फिलिपिनो मित्राकडून टोकाट्याची झेरॉक्स घेऊन आला. त्या शुक्रवारी, तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, त्याने तो पहिल्यांदा वाजवला. लोक बसून राहिले. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे असते म्हणून ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला असतो. त्या आरशात त्याने ते सगळे बसलेले लोक पाहिले आणि त्याचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. त्याला वाटलं, लोक संगीताने खिळलेत. मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण तो चेहरा पाहून मला वाटलं, पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात तो वैतागलेला होता, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर मारेल. आणि मग इतकी वर्षं गेली की ती सूचना खरोखरच चर्चची झाली. नवीन कुटुंबं यायची आणि त्यांना मावशा समजावायच्या, आपल्याकडे संगीत संपल्याशिवाय उठत नाहीत.

बायको मधूनमधून विचारायची, सांगितलं का हो त्यांना. मी म्हणायचो, इन्शाल्ला.

मग त्याचं जायचं ठरलं. सेठने दुकान मुलाच्या हाती दिलं, मुलाला कॉम्प्युटरवाला हिशेबनीस हवा होता, वय झालेलं, व्हिसा पुढे होणार नव्हता. निरोपाला शाल नको, केक नको, भाषणं तर नकोच, असं त्याने मला बजावलं. एकच मागितलं. "शेवटच्या मिस्सेला पूर्ण वाजवू दे. संथ. तू खलास म्हणायचं नाहीस."

मी शब्द दिला.

त्याच आठवड्यात चर्चच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. मराठी मिस्सेमुळे पुढच्या लोकांना दर वेळी उन्हात ताटकळावं लागतं. पुन्हा एकदा उशीर झाला तर तुमची मिस्सा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी टाकू. मधल्या संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी आमची निम्मी माणसं कंपनीच्या बसमध्ये असतात. म्हणजे मिस्सा बंद.

तो दिवस ऐन उन्हाळ्याचा. समारोपाचं गीत मी एका कडव्यात आवरलं, तेवढीच माझी मदत. त्याने बूट बदलले, आरसा सरळ केला आणि सुरू केलं. तसा तो पूर्वी कधी वाजला नव्हता. लोक नेहमीसारखे बसले. मी गॅलरीच्या कठड्याशी उभा. एकीकडे त्याची पाठ, दुसरीकडे खाली काचेचं दार, त्याच्यापलीकडे छत्र्या, रडणारी पोरं, आणि दारावरचा स्वयंसेवक माझ्याकडे बघून घड्याळावर बोट आपटत होता.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. गायनवृंदाचा माईक माझ्यापासून चार पावलांवर होता. तो घेऊन म्हणायचं, मंडळी उठा, ती सूचना माझी होती, चालायला लागा. भर चर्चमध्ये, त्याच्यासमोर. आणि ऑर्गनचा प्लग माझ्या खुर्चीच्या मागे होता.

मी प्लग काढला.

शेवटचं पान उलटायचं राहिलं होतं. आवाज कापल्यासारखा गेला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सगळं चर्च उठलं. लोक वाटेवर आले, एकमेकांशी बोलत दाराकडे चालू लागले. तो थांबला नाही. मेलेल्या ऑर्गनवर तो वाजवत राहिला. पान त्याने स्वतः उलटलं. उजवा हात धावत होता, पाय पट्ट्यांवर पडत होते, टिकटिक आणि धप धप, आणि त्याचे डोळे आरशात होते. आरशात लोक चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या टोकाट्यावर लोक बाहेर पडत होते, फक्त तो त्यांना ऐकू येत नव्हता. शेवटचा सूर त्याने बराच वेळ दाबून धरला. शेवटची मावशी दाराबाहेर गेली तेव्हा सोडला.

मग बूट पिशवीत टाकताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्लग परत लाव. त्या लोकांना लागेल."

खाली त्याला लोकांनी गराडा घातला. कुणी म्हणालं, अंकल, विसरलात ना, होतं असं वयात. कुणी म्हणालं, इतकं जोरात वाजवलंत, मशीन ट्रिप झालं. तो हो म्हणाला, दोघांनाही. माझं नाव त्याने घेतलं नाही. मिस्सा वाचली, आणि ही शेवट न येणाऱ्याची गोष्ट पक्की झाली.

फोन तो करायचा. सणाला, वाढदिवसाला. प्लगबद्दल कधी काही नाही. सूचनेबद्दल त्याला माहीतच नव्हतं. लोक का उठायचे नाहीत, हे कोडं घेऊनच तो वसईला बसला होता. एकदा फोनवर म्हणालाही, "मी फारच संथ वाजवायचो का रे?" मी म्हणालो, नाही, बरोबर होतं. आणि नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला.

यंदा त्याच्या मुलीला बाळ झालं. ती अबूधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. नातू बघायला तो व्हिजिट व्हिसावर आला, आणि महिन्याच्या मराठी मिस्सेला मुलीने त्याला गाडीतून शारजाला आणलं. केस गेलेले, पाय तेच. आवारात मी आमच्या हल्लीच्या ऑर्गनिस्टशी त्याची ओळख करून दिली. ही मुलगी इथेच वाढलेली, बँकेत आहे, गुणी आहे. ती मनापासून आनंदली आणि म्हणाली, "ओह, टोकाटा अंकल? द वन हू डिडन्ट नो द एंडिंग?" म्हणाली आणि जीभ चावली.

"यस बेटा," तो हसून म्हणाला, "सेम वन."

तो हसला, पण पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्या हातात. पिशवीत काय आहे ते मला दिसत होतं. म्हणजे तो विचारणार होता, आज वाजवू का म्हणून, आणि आता विचारणार नव्हता.

मी आत गेलो आणि फादरांकडून दोन मिनिटं माईक मागून घेतला. आमच्या ऑर्गनिस्टला सांगितलं, मिस्सेनंतर जागा त्यांना दे. ती आनंदाने हो म्हणाली. त्याला फक्त एवढंच कळवलं की आज खलास म्हणणार नाही. तो म्हणाला, प्लग कुठे आहे तो तेवढा दाखव.

मिस्सा संपत आली आणि मी माईकपाशी गेलो. मी सांगितलं की मिस्सेनंतर बसून राहायची सूचना कुठल्याच फादरांची नाही, ऑफिसची नाही, चर्चची नाही. ती मी दिली होती, माझ्या गीताचं तिसरं कडवं तुम्ही ऐकावं म्हणून. तिच्यामुळे वर बसलेल्या या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही पूर्ण वाजवता आलं नाही. आणि ज्या दिवशी तो शेवटाला आला होता त्या दिवशी तो विसरला नाही, मशीनही बिघडलं नाही. "प्लग मी काढला होता. त्यांना शेवट येतो. आज त्यांनी सुरू केलं की उठा आणि चालायला लागा."

मी वर बघितलं नाही.

मग टोकाटा सुरू झाला. आणि कुणीही उठलं नाही.

का उठतील? एवढं सगळं ऐकल्यावर त्यांना शेवट ऐकायचा होता. मी माईकपाशी उभाच, दारापलीकडे पुढची माणसं जमायला लागलेली, आणि वर तो आरशात बघत असणार. तेवढ्यात बायको बाकातून बाहेर आली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "चला. तुम्ही बसवलंत ना, मग तुम्हीच उठवा."

आम्ही दोघं मधल्या वाटेने चालायला लागलो. सगळे आमच्याकडे बघत होते. एका मावशीने तर सवयीने हात पुढे केला, मग मागे घेतला. अर्ध्या वाटेवर खालून पायांचा सूर आला, त्याचे पाय, आणि माझ्या मागे बाक करकरले. आधी एक, मग बरेच. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर पुन्हा बसले असते.

बाहेर ऊन होतं. एसीसाठी दार आपोआप बंद होतं, त्यामुळे मला टोकाटा सलग ऐकू आलाच नाही. दार उघडायचं, चारपाच जण बाहेर यायचे, त्यांच्याबरोबर त्याचा एक तुकडा यायचा, आणि दार मिटायचं. आमची माणसं पायऱ्यांवर थांबून राहिली, फिलिपिनो मंडळी त्यांच्यात मिसळली, सगळ्यांची तोंडं दाराकडे. शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या मावशी काठी टेकत आल्या. त्या उंबऱ्यावरच थांबल्या आणि काठीने दार उघडं धरलं. शेवटचा सूर सगळ्यांना ऐकू आला. त्याने तो पुष्कळ धरला.

तो बाहेर आला तेव्हा लोक त्याच्याभोवती जमले. मी बाजूला, सावलीत. बऱ्याच वेळाने तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तिसऱ्या कडव्यासाठी?" तो म्हणाला.

"हो."

"ते तर बेसूर असायचं."

"असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता, खरा राग, आणि तो त्याने काढला असता तर मला चालला असता. मुलगी गाडी घेऊन आली तसा तो पुढच्या सीटवर बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "प्लगचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. हे दुसरं माफ करायचं की नाही, ते बघतो. घाई करणार नाही. तीस दिवसांचा व्हिसा आहे."

गाडी गेली. त्याला आता महिना होत आला. त्याने फोन केला नाही, मी करायला धजावलो नाही. काल त्याच्या मुलीचा आला. पप्पांचा व्हिसा आणखी एक महिना वाढवून घेतलाय, म्हणाली. मी विचारलं, नातवासाठी का. ती म्हणाली, "नाही अंकल. पप्पा म्हणतात, शारजातलं एक काम अजून व्हायचंय."